डाव्या कडेचा ढाळ

आमच्या घरात मला कधी कुणी "कोण आलं?" म्हणून विचारलं नाही. मी अंगणात पाय टाकला की स्वयंपाकघरात कळायचं. उजवा पाय इतरांसारखाच वाजायचा, आणि डावा जरा उशिरा व जरा जोरात पडायचा, कारण त्याला जमीन शोधत खाली यावं लागे. लहानपणी मी शेवग्याच्या झाडावरून पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि ज्याने ते बसवलं त्याने बोटभर आखूड बसवलं. "मापात पाप केलं लेकाच्यानं," असं नाना चारचौघांत सांगत आणि स्वतःच हसत. नाना म्हणजे माझे वडील. पाचोऱ्याच्या एका जिनिंगमध्ये ते काट्यावर बसत. कापसाच्या गाड्या त्यांच्यासमोर तोलल्या जात, त्यामुळे मापाच्या विनोदावर त्यांचा हक्कच होता. घरात आई होती, जी दिवसभरात दहा वाक्यं बोलत नसे, आणि अक्का होती, नानांची थोरली विधवा बहीण, जी ती कसर भरून काढी. अक्काच्या जिभेला हाड नव्हतं. मी शाळेतून आले की ओट्यावर डाळ निवडता निवडता ती आत हाक घाली, "उनी वं लंगडी, भाकर टाक!" आई भाकर टाकायची. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, वर कच्चं तेल आणि मिरचीचा ठेचा. ती भाकरी मी अक्काच्या समोर बसून खात असे, आणि खरं सांगायचं तर मला ती गोड लागे. शिव्यांची सवय झाली की भूक मरत नाही.

लग्नाचं वय झालं आणि निघूनही चाललं. पाहुणे येत, शेवभाजी खात, भरीत खात, आणि मग त्यांच्यातली एखादी बाई प्रेमाने म्हणे, "बाळ, जरा चालून दाखव बरं." मी चालून दाखवी. एकदा आईने माझ्या डाव्या चपलेत कातड्याचे तुकडे शिवून पाहिले, पण ही युक्ती खानदेशात माझ्या जन्माआधीपासून सगळ्यांना माहीत असावी, कारण त्या बाईने लगेच सांगितलं, "चप्पल काढून चाल." त्यानंतर अक्काने आठवडाभर मला "कातडीवाली" म्हटलं. मला लग्न हवं होतं. हे आता लिहायला लाज वाटत नाही. नवऱ्याची मला काही मोठी हौस नव्हती, पण ज्या घरात माझी पावलं कुणी ओळखत नाही अशा घरात मला जायचं होतं, निदान पहिले चार दिवस तरी.

त्या उन्हाळ्यात नाना मला घेऊन भडगाव रोडने बाजाराला गेले होते. डांबरी रस्ता मध्ये फुगीर आणि कडांना उतरता असतो. आम्ही उजव्या कडेने चाललो होतो, म्हणजे रस्त्याचा उंच भाग माझ्या डाव्या हाताला. नाना मागे होते. एकदम म्हणाले, "शालू, थांब." मी थांबले. म्हणाले, "चाल." मी चालले. "तू सरळ चालतेस!" ते जवळजवळ ओरडले. बाजाराची पिशवी रस्त्यावर ठेवून त्यांनी मला तेवढ्याच तुकड्यावरून चालायला लावलं, आणि येणारे-जाणारे सायकलवाले बघत राहिले. परत येताना आम्ही पुन्हा आमच्या उजव्या हाताच्या कडेने आलो, म्हणजे रस्त्याची दुसरी कड. उंच भाग पुन्हा डावीकडेच आला आणि मी पुन्हा सरळ चालले. जातानाही सरळ, येतानाही सरळ. काट्यावर आयुष्य घालवलेल्या माणसाला त्या दिवशी वाटलं की आपण पोरीचं माप दुरुस्त केलं. घरी येऊन त्यांनी पाणीसुद्धा न पिता अक्काला सांगितलं, आणि अक्काने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पायाकडे आदराने पाहिलं.

चाळीसगावचं एक स्थळ त्याच आठवड्यात सांगून आलं होतं. मुलगा शाळेत शिपाई होता, घरची थोडी शेती होती, आणि कुठल्यातरी लग्नात मी बसलेली असताना त्यांनी मला लांबून पाहिलं होतं. बसलेली! पंधरा दिवसांनी मंगळवारी ते यायचे होते. नानांनी ठरवलं की गेटापासून ओट्यापर्यंत पेव्हर ब्लॉकची वाट करायची. पेव्हर ब्लॉक तेव्हा नवीन होते, आम्ही ते एका पेट्रोल पंपावर पाहिले होते, त्यामुळे गल्लीला वाटलं, नानांना श्रीमंती सुचली. ही वाट दोन फूट रुंद आणि डाव्या कडेला चार बोटं उंच राहणार होती. गेटातून घराकडे येणाऱ्या माणसाच्या डाव्या कडेला. अक्काने उरलेलं जुळवलं. मला म्हणे देवीचा नवस होता, मंगळवारी देवळात अनवाणी जायचं. पाहुणे ओट्यावर बसले की मी हातात पूजेचं ताट घेऊन गेटातून आत येणार. अनवाणी, म्हणजे चपलेचा संशय नाही. ओट्यावर चढले की नमस्कार करून खाली बसायचं आणि पाहुणे जाईपर्यंत उठायचं नाही.

काळ्या मातीवर काही टिकत नाही. उन्हाळ्यात ती फाटते आणि पाणी पडलं की फुगते, म्हणून मिस्त्रीने कमरेच्या खाली येईल एवढी माती काढून टाकली आणि टेकडीवरचा मुरूम ट्रॅक्टरने आणला. वीतभर मुरूम पसरायचा, पाणी शिंपडायचं, ते मुरलं की धुम्मस मारायचा. धुम्मस म्हणजे लांब दांड्याला खाली लोखंडी चौकोनी ठोकळा. तो दोन्ही हातांनी उचलायचा आणि सोडायचा. मुरूम कोरडा असला तर धूळ उडते आणि बसत काही नाही. जास्त भिजला तर ठोकळ्याला चिकटून वर येतो. बरोबर ओला असला की पहिल्यांदा भप्प असा पोकळ आवाज येतो, आणि ठोकत राहिलं की तो हळूहळू कडक होत जातो, मग ठोकळा हातात उडतो. तेव्हा तो थर झाला म्हणायचं. आता मी धुळ्याला राहते, तिथल्या गल्लीत हेच काम एक मशीन करतं, थरथरत पुढे जातं आणि मांडणीवरचे पेले वाजवतं. परवा ते वाजायला लागलं तेव्हा मी दार लावून घेतलं. कामगाराला वाटलं, बाईला आवाज सोसत नाही.

सपाट जमीन ठोकणं सोपं असतं. तिरक्यावर धुम्मस प्रत्येक घावाला खालच्या कडेला घसरतो, आणि उंच कड, जिथे मुरूम जास्त, तीच कच्ची राहते. मिस्त्री म्हणाला, "नाना, पाण्यासाठी एवढा ढाळ कोणी देत नाही. सायकल घसरेल." नाना नेहमी जिनिंगमधलं शहरी बोलत, पण रागावले की अहिराणीवर येत. "तुले काय करनं? ठोक!" दुसऱ्या दिवशी मिस्त्रीचा माणूस लग्नाला निघून गेला आणि मिस्त्री एकटा उरला, तेव्हा नानांनी धुम्मस माझ्या हातात दिला. म्हणाले, "ज्याचं माप त्यानं ठोकावं." ओट्यावरून अक्का हसली. मी ठोकलं. सकाळी ऊन चढेपर्यंत आणि ऊन उतरल्यावर पुन्हा. प्रत्येक थर झाला की नाना गेटाशी मला उभं करत, हातात काठोकाठ पाण्याचा पेला देत, आणि स्वतः ओट्याच्या पायरीशी उकिडवे बसत, डोळे माझ्या कमरेच्या उंचीला येतील असे. "चाल." मी ओल्या मुरमावरून अनवाणी चालत येई. पेल्यातून पाणी सांडलं की म्हणत, "अजून. डाव्या कडेला अजून एक थर." मग मी कडेच्या मातीवरून गेटाकडे परत जाई, कारण ठोकलेल्या मुरमावर उगाच पावलं नकोत असं त्यांनीच बजावलं होतं. मुलीच्या चालीकडे इतक्या बारकाईने बघणारा बाप मी पुन्हा पाहिला नाही. त्या दिवसांत त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदाही बघितलं नसेल.

आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघे. एकदा ताकाचा गडू घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "हात फुटले पोरीचे." नाना म्हणाले, "फुटू दे, हात कोण बघतं?" आई आत गेली. अक्काने त्या फोडांवर हळद लावली आणि म्हणाली, "चला, आत्तेच हळद लागनी." यावर मीसुद्धा हसले. एका संध्याकाळी शेवटच्या थरावरून मी आले आणि पेल्यातला थेंबही हलला नाही. नाना उठले, त्यांनी पेला माझ्या हातातून घेतला आणि ते पाणी स्वतः पिऊन टाकलं. मला वाटलं, आता ते माझ्या डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी मिस्त्रीला सांगितलं, "उद्या बारीक खडीची कच टाका आणि ब्लॉक बसवा." ब्लॉक बसले, सांध्यांत बारीक वाळू भरली, आणि मंगळवारपर्यंत कुणी वापरू नये म्हणून वाटेवर गोणपाट अंथरलं.

मंगळवारी सकाळपासून आई खापरावर मांडे करत होती. हातांवर पोळी मोठी करत करत ती तापलेल्या खापरावर टाकी, आणि घरभर पुरणाचा आणि लाकडाच्या धुराचा वास. पाहुणे जीपने आले. मुलगा, त्याचे वडील, एक मेहुणे आणि मुलाची आजी. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण शब्द तिचा चाले हे तिला ओट्यावर कुठे बसवलं यावरूनच कळत होतं. मी शेजारच्या घरातून ताट घेऊन निघाले, गेट उघडलं आणि वाटेवर पाय ठेवला. मी चालले. तीस-पस्तीस फूट, आणि माझं शरीर कुठे वर नाही, कुठे खाली नाही. ताटातली निरांजनाची ज्योत सरळ उभी होती. मला माझीच पावलं सारख्या आवाजात ऐकू येत होती, आणि मला रडू येत होतं ते लबाडीचं नव्हतं. एवढ्या वर्षांत मी माझ्याच घरात पहिल्यांदा आवाज न करता आले होते.

मी नमस्कार केला, बसले. आजीने माझे हात हातात घेऊन चाचपले आणि तळव्यावरचे फोड तिला लागले. "हात कामना शेत," ती मुलाच्या वडिलांना म्हणाली, म्हणजे कामाचे आहेत. "पोर चांगली शे." मुलगा माझ्याकडे बघून थोडा हसला. त्याचे कान मोठे होते. मला ते आवडले. जेवणं झाली, मांड्यांची तारीफ झाली, आजीच्या ओटीत आईने नारळ घातला, त्यांनी माझ्या हातात नारळ दिला आणि मला कुंकू लावलं. नाना खडीसाखर वाटत होते. अक्का चक्क माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

मग आजी उठली. म्हणाली, "मी इना खांदा धरीसन जासू." म्हणजे गेटापर्यंत तिला सोडायला मी जायचं. नाना पुढे झाले. "माय, मी सोडतो ना तुम्हाला." "तू कसाले? नातसून शे ना आते मनी ती." आजीने माझा डावा खांदा धरला होता. मी वाटेच्या टोकाशी उभी राहिले, तोंड गेटाकडे, आणि तेव्हा मला दिसलं की उंच कड उजवीकडे आहे. एवढे दिवस त्या घरात चार माणसं माझ्या चालण्याचाच विचार करत होती. त्यात मीही होते. मी येताना कशी दिसेन हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मी जाताना कशी दिसेन हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. नानांकडे पाहिलं तर त्यांचं तोंड उतरलं होतं. त्यांना कळलं होतं. "माय, इकडून मातीवरून चला, तिथं घसरतं," ते म्हणाले. आजी म्हणाली, "एवढा भारी रस्ता कया, आनि मातीवरथून कसाले?"

मी पाय टाकला. आखूड पाय खालच्या कडेला, म्हणजे एकाच्या जागी दोन बोटांची उणीव. पहिल्याच पावलाला मी एवढी खाली गेले की आजीचा हात खांद्यावरून सुटला. तिने तो पुन्हा ठेवला. दुसरं पाऊल. तिसरं. ती थांबली. "परत टाक पाय," ती मला हळू म्हणाली. मी टाकला. मग तिने तोंड ओट्याकडे वळवलं आणि मोठ्याने म्हणाली, "भाऊ, मना डोया गयात, हात नही गयात. हाई पोर लंगडी शे!"

पुढचं मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. त्यांचा विश्वास बसेना. मी आत येताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मेहुणे म्हणाले, "इकडे ये बरं." मी घराकडे चालत आले. सरळ. "आता जा." मी गेटाकडे गेले. लंगडत. "आता ये." माझ्या हातातला नारळ मुलाच्या वडिलांनी मधेच कधीतरी काढून घेतला, चालायला सोपं जावं म्हणून असेल. गेटाशी गल्लीतली माणसं जमली. मेहुणे स्वतः त्या वाटेवरून चालले, वाकून कड बघितली, आणि हसायला लागले. "देखा, येतांना सरय, जातांना लंगडी!" एकाने हसून सुरुवात केली की दुसऱ्याला आवरत नाही. मुलगा आधी हसला नाही. तिसऱ्या फेरीला हसला. मी का थांबले नाही, असं मी आता काम करते त्या वसतिगृहातल्या मुली मला विचारतात. ये म्हटलं की यायचं आणि चाल म्हटलं की चालायचं, हे माझ्या पायांना पंधरा दिवस शिकवलं होतं. नाना ओट्यावर खडीसाखरेची वाटी धरून उभे होते. जीपमध्ये चढता चढता मुलाचे वडील त्यांना म्हणाले, "नाना, काटावरबी असंच करतस का तुम्ही?" गल्लीतल्या माणसांत कापूस विकणारे होते. त्या वाक्याला नाना ओट्यावर बसले. माझ्या फेऱ्या होत होत्या तेव्हा ते उभेच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी उरलेले मांडे दुधात कुस्करून आम्ही जेवत होतो. नाना म्हणाले, "चूक कुठं झाली ते कळलं. येणं मोजलं, जाणं मोजलं नाही." त्यांनी ताटातल्या दुधात बोटाने दोन रेघा ओढल्या. "दोन वाटा पाहिजे. एक यायची, एक जायची. जायच्या वाटेला ढाळ उलटा. शालू, मिस्त्रीला निरोप दे. मुरूम उरलाय." ते गंभीरपणे बोलत होते, जिनिंगमधला बिघडलेला काटा दुरुस्त करताना बोलत तसे. आई वाढायची थांबली. अक्काने घास गिळला आणि म्हणाली, "दुसरी वाट कसाले, भाऊ? हाई कथी जास?"

ही जाते कुठे? अक्का चेष्टेत नव्हती बोलली. तिला खरंच वाटलं की खर्च वाचवावा. नानांनी विचार केला आणि मान हलवली. "तेही खरं," ते म्हणाले, आणि मांडे मागून घेतले.

धुळ्याला मुलींच्या एका वसतिगृहात कोठीघर सांभाळायला बाई हवी होती. आईच्या मावसबहिणीने ते पूर्वी कधी सांगितलं होतं आणि नानांनी ते हसण्यावारी नेलं होतं. मी त्या दुपारी आईला म्हटलं, "मी धुळ्याला जाते." आईने माळ्यावरून ट्रंक काढली, माझे कपडे त्यात घातले, आणि वर बिबड्यांची, ज्वारीच्या पापडांची चवड ठेवली, एक एक, मोडू न देता. नानांना मी स्वतः सांगितलं. त्यांनी मला अडवलं नाही. त्यांना वाटलं असेल, चार दिवसांत परत येईल. मी ट्रंक घेऊन ओट्यावर आले तेव्हा सकाळची वेळ होती, नळ आले होते, आणि सगळी गल्ली हंडे घेऊन बाहेर होती. मला बघून बायका थांबल्या. नाना खुर्चीतून उठले. "मांगला दारथीन जाय," ते दबक्या आवाजात म्हणाले. "गल्ली देखी ऱ्हायनी."

मी पायरी उतरले आणि वाटेवर पाय ठेवला. ट्रंक जड होती, त्यामुळे मी आणखीच खाली जात होते. मागून नानांचा आवाज आला, "शालू, मातीवरून चाल! कडेनं!" मी वाटेवरूनच चालले. प्रत्येक पावलाला ट्रंक गुडघ्यावर आपटत होती आणि हंड्यांशी उभ्या असलेल्या बायका न लपवता बघत होत्या. बघू दे म्हटलं. गेटाशी पोचले तेव्हा मला आईला एकदा पाहायचं होतं, ती खिडकीत असणार हे मला माहीत होतं. मी वळले नाही. वळून घराकडे एक पाऊल टाकलं असतं तर त्या सगळ्यांना मी सरळ दिसले असते.